गोष्ट म्हणजे केळी नव्हे!

आपल्या रावेर-सावद्याकडच्या माणसाला विकणे म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. सकाळी पेपर आला की आधी केळीचा भाव, मग बाकीच्या बातम्या. नवती किती, पिलबाग किती, कांदेबाग किती. बोर्डावर एक भाव असतो आणि व्यापारी बागेत आल्यावर देतो तो दुसराच, हेही आपल्याला पाठ. व्यापारी येतो, चार घड बघतो, एखाद्या घडाला हात लावतो आणि पाच मिनिटांत वर्षभराच्या कष्टाचा भाव सांगून मोकळा होतो. पटले तर पटले.

पण सिनेमाची गोष्टसुद्धा अशीच पाच-सात मिनिटांत विकायला उभी राहते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्याला म्हणतात 'पिचिंग'. पिच म्हटले की आपल्याला एकदम वानखेडे आठवते. इथे बॅट-बॉल काही नाही. टेबलाच्या पलीकडे निर्माते, चॅनेलवाले, ओटीटीवाले बसलेले आणि अलीकडे तुम्ही उभे. हातात फार तर दोन पानांचा सारांश. मिनिटे पाच, सात, फार झाली तर दहा. तेवढ्यात सांगायचे की पिक्चर कोणाचा, त्याला काय हवे आहे, ते कोण मिळू देत नाही, शेवटी काय होते आणि हा पिक्चर लोकांनी पैसे देऊन का बघावा. मग समोरचे प्रश्न विचारणार. म्हणजे थोडक्यात आपला व्हायवाच की! फक्त इथे एक्स्टर्नल एक नसून सहा-सात असतात आणि त्यांना चहा-पोहे देऊन काही उपयोग होत नाही.

हे काही कानाकोपऱ्यात चालत नाही. गोव्यात इफ्फीच्या वेळी एनएफडीसीचा 'फिल्म बाजार' 2007 पासून भरतो (2025 मध्ये त्याच्या नावाआधी 'वेव्हज' लागले). तिथे निवडलेले दिग्दर्शक आपला न झालेला पिक्चर देशोदेशीच्या निर्मात्यांसमोर मांडतात. मुंबईच्या 'मामि' महोत्सवाने 2016 साली 'वर्ड टू स्क्रीन' नावाचा बाजार सुरू केला, त्यात लेखक आणि प्रकाशक आपली पुस्तके सिनेमावाल्यांना सांगत. पटकथालेखकांची संघटना, म्हणजे स्क्रीनरायटर्स असोसिएशन, तिनेही लेखक आणि निर्माते समोरासमोर आणणारे पिच फेस्ट घेतले आहेत. आणि हे सगळे नव्हते तेव्हाही मुंबईत 'नॅरेशन' होतेच. हिरोच्या घरी जायचे, सोफ्याच्या कडेला बसायचे आणि अख्खा पिक्चर तोंडी ऐकवायचा. बाजाराला नाव नवे आहे, धंदा जुनाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, आपण इंजिनिअरिंगवाले. आपल्याला सबमिशन पुरत नाही, त्यात हे कुठे काढलेस? सांगतो.

होस्टेलवर माझा एक मित्र आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. रावेर तालुक्यातलाच. वडील केळी भरायला जातात, दुसऱ्याच्या बागेतली. हा पोरगा दुसऱ्या वर्षापासून एक पटकथा लिहितोय. थर्मोडायनॅमिक्सच्या वहीच्या मागच्या बाजूने सुरू झाली आणि पुढे पुढे येत शेवटी थर्मोलाच जागा उरली नाही. मी ती वाचली आहे. आमच्या रूमवर अर्ध्या लोकांनी वाचली आहे आणि एकाने वाचून झाल्यावर पंधरा मिनिटे कोणाशी बोलला नाही. गोष्ट काय आहे ते इथे लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे कळेल.

तर मागच्या वर्षी त्याची मुंबईत अशाच एका पिचिंगसाठी निवड झाली. कोणाच्या, ते महत्त्वाचे नाही. भुसावळहून रात्रीच्या गाडीने जनरलच्या डब्यात बसून गेला. सात मिनिटे मिळाली. आधीच्या दोघा-तिघांनी इंग्रजीत सुरुवात केली म्हणून यानेही इंग्रजीत सुरुवात केली, तिसऱ्या वाक्याला अडकला, मग हिंदीवर आला. तरी गोष्ट सांगितली. समोरच्या एका बाईंना ती आवडली असावी, कारण त्यांनी प्रश्न विचारला. म्हणाल्या, गोष्ट चांगली आहे, पण ही उत्तर प्रदेशात घडवता येईल का? तिकडचे छोटे गाव सध्या चांगले चालते. आणि केळीच हवीत का, ऊस चालेल का?

आमचा मित्र म्हणाला, "हो."

पुढे काहीच झाले नाही, फोनही आला नाही. पण त्याला फोन न आल्याचे दुःख नाही, त्या 'हो'चे आहे. तो मला म्हणाला, "भो, माझी गोष्ट केळीशिवाय होतच नाही. घड एका दिवसात उतरला नाही तर काय होतं, ते उसात होत नाही ना. मला ते माहीत होतं, तरी मी हो म्हटलो." त्यानंतर वही पेटीत गेली आणि पेटी खाटेखाली. आता साहेब ॲप्टिट्यूडची पुस्तके सोडवतात. त्याच्या वडिलांना आनंद आहे, आणि त्यात काही चूक नाही. घरात पगार आला पाहिजे. पण वही पेटीत गेली ती गोष्ट वाईट होती म्हणून नाही, सात मिनिटे वाईट गेली म्हणून गेली. माझे भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

माझे म्हणणे सरळ आहे. पिचिंग वाईट आहे असे मी म्हणत नाही. उलट, ज्या पोराचा काका-मामा अंधेरीत नाही त्याच्यासाठी ती एक बरी खिडकी आहे. ओळख नसताना कोणाच्या तरी समोर उभे राहता येते, हे कमी नाही. पण त्या खिडकीवर जाताना काय न्यायचे आणि काय घरी ठेवायचे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आणि तिथून 'नाही' आले की तो आपल्या गोष्टीचा निकाल समजून आपण गप्प बसतो. या दोन्ही गोष्टी बदलल्या पाहिजेत.

आधी जरा इतिहासात जाऊ. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट काढणारा माणूस आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला, त्र्यंबकेश्वरचा. दादासाहेब फाळके 1912 साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि परत आले. कॅमेरा आला, पण पिक्चर काढायला पैसा कुठला? सिनेमा हा धंदा आहे हेच इथे कोणाला पटेना. तेव्हा फाळक्यांनी भाषण दिले नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडी थोडी फिल्म घेत गेले. पडद्यावर मिनिटभरात वाटाण्याचा कोंब फुटून वेल वर चढताना दिसला. हा 'अंकुराची वाढ' नावाचा छोटा चित्रपट त्यांनी निवडक लोकांना दाखवला आणि त्यातून कर्ज द्यायला माणसे तयार झाली. सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

म्हणजे भारतातल्या सिनेमाची सुरुवातच एका पिचने झाली आहे! आणि इंजिनिअरिंगच्या पोरांनी त्यातले मर्म बघावे. फाळक्यांनी काय दाखवले? प्रोटोटाइप. हरिश्चंद्राची गोष्ट दाखवली नाही, तारामती दाखवली नाही. 'हे यंत्र डोळ्यांना न दिसणारे दाखवू शकते आणि मला ते चालवता येते' एवढेच दाखवले. समोरच्याची शंका नेमकी कुठे आहे ते ओळखून तेवढीच दूर केली. आपण प्रोजेक्टच्या वेळी चाळीस स्लाइड करतो आणि मॉडेल चालत नाही. फाळक्यांकडे स्लाइड एकही नव्हती, पण मॉडेल चालत होते.

गंमत पुढे आहे. याच फाळक्यांवर परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लिहिला, तर त्यांनाही मनासारखा निर्माता मिळेना. शेवटी स्वतःचे घर गहाण ठेवून त्यांनी तो केला. 2009 साली तोच भारताकडून ऑस्करला पाठवला गेला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, ज्याने पैसे मागितले त्याच्यावरच्या पिक्चरलाही कोणी पैसे देईना!

दुसरे उदाहरण सगळ्यांनी पाहिलेल्या पिक्चरचे, 'लगान'चे. आशुतोष गोवारीकरांनी कल्पना सांगितली तेव्हा आमिर खानने आधी नकार दिला होता. पाऊस नाही, लगान भरायला पैसा नाही आणि हे लोक क्रिकेट खेळणार? ऐकायला विचित्रच वाटते. तुम्ही-आम्हीसुद्धा हसलो असतो. त्यात गोवारीकरांचे आधीचे दोन पिक्चर चालले नव्हते. पण ते घरी गेले, पटकथा पूर्ण लिहिली आणि काही महिन्यांनी पुन्हा ऐकवली. या वेळी आमिरला ती आवडली. तरीही इतर निर्माते तयार होईनात, म्हणून शेवटी तोच निर्माता झाला. 2001 साली पुढे काय झाले ते सांगायला नको.

आता बघा. गोष्ट तीच, सांगणारा तोच, ऐकणारा तोच. पहिल्यांदा नकार, दुसऱ्यांदा होकार. मधे काय बदलले? कल्पनेची पटकथा झाली. पाच मिनिटांत कल्पना कळते, पण काही गोष्टी कल्पनेच्या पातळीवर वेड्यासारख्याच वाटतात. त्या पूर्ण उभ्या राहिल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून पाच मिनिटांचा नकार हा पाच मिनिटांचाच नकार असतो. त्याला जन्मठेप समजू नये.

तिसरे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. आपल्या विद्यापीठाला 2018 साली जिचे नाव मिळाले ती बहिणाबाई. असोद्याची लेक. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ती आपल्या बोलीत गाणी करायची आणि घरच्यांनी त्यातली काही कागदावर उतरवून घेतली म्हणून ती राहिली. 1951 च्या डिसेंबरात ती गेली. मग मुलाने, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांपुढे नेली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघाली. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी, पण आईची गाणी लोकांपुढे न्यायला त्यांनाही संकोच वाटत होता. आपल्या बोलीतली, आपल्या घरातली गोष्ट मोठ्या माणसापुढे कशी ठेवायची, हा संकोच आपल्या रक्तातच आहे बहुतेक.

या प्रसंगात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे अत्र्यांनी ती बोली पुण्या-मुंबईच्या भाषेत करून आणा असे सांगितले नाही. ऐकणारा असा पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त टोचते. तो ऐकणारा मिळाला तेव्हा सांगणारी उरली नव्हती. वहीतली गाणी छापून आली, पण जी उतरवून घेतलीच नाहीत ती किती गेली असतील?

आणि हेच अत्रे पुढच्याच वर्षी सिनेमा करत होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या पुस्तकावर त्यांनी 1953 साली 'श्यामची आई' काढला आणि 1954 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिले सुवर्णपदक त्याच मराठी पिक्चरला मिळाले. तेव्हा 'खान्देशात काय गोष्टी असणार' असे कोणी म्हटले तर त्याला एवढे सांगायला हरकत नाही.

आता तुमच्यातला कोणीतरी शहाणा म्हणेलच, पिचबिच कशाला, मोबाइल उचला आणि शूट करा. मालेगाववाल्यांनी नाही का केले? केले, आणि झकास केले. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचे, पण धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवर. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने यंत्रमागावर काम करणारी पोरे घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. क्रेन नव्हती तर बैलगाडीची क्रेन केली, ट्रॉली नव्हती तर सायकल वापरली. मेकॅनिकलवाल्यांनो, याला म्हणतात डिझाइन! त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'च्या वेळी फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (2008) हा माहितीपट केला, तो जगभर गाजला. आणि 2025 साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरला लागला.

मी मालेगाववाल्यांना सलामच करतो. पण त्या गोष्टीचा शेवट जरा नीट बघा. मालेगावचे पिक्चर मालेगावात राहिले आणि मालेगावची गोष्ट जगात गेली ती मुंबईहून आलेल्यांनी सांगितली तेव्हा. त्यांनी प्रेमाने सांगितली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपली गोष्ट आपणच शेवटपर्यंत न्यायची असेल तर कधीतरी त्या टेबलासमोर उभे राहावेच लागते. मोबाइलवर शूट करणे हा आपला 'वाटाणा' झाला. हरिश्चंद्र काढायचा तर पैसे लागतात, पैसे दुसऱ्याकडे असतात आणि त्याला पटवावे लागते.

मग पटवताना बोलीचे काय? हा खरा प्रश्न आहे. आपण अहिराणी, लेवा बोली घरी बोलतो आणि कॉलेजच्या गेटवर चप्पल काढावी तशी काढून ठेवतो. इथे कोणी खान्देशी बोलला की लोक आधी हसतात, कारण यूट्यूबवरच्या कॉमेडी क्लिपांनी तशी सवय लावली आहे. त्या क्लिपा मीही बघतो, पोट धरून हसतो. पण आपल्या बोलीत माणसे रडतातही, भांडतातही, प्रेमही करतात. 2016 साली 'सैराट' आला तो करमाळ्याकडच्या बोलीत. त्या बोलीमुळे पिक्चर कुठे अडला का? विदर्भात चालला, कोकणात चालला, आपल्याकडे तर पोरांनी तीन-तीनदा पाहिला. नागराज मंजुळेंनी तो आधी प्रमाण भाषेत आणला असता तर आर्चीचा तो तोरा राहिला असता का? तेव्हा 'बोली कळणार नाही' ही भीती आपण घालून घेतलेली आहे. पिच करताना समोरच्याला कळेल त्या भाषेत गोष्ट सांगा, मराठीत सांगा, हिंदीत सांगा. पण एखादा संवाद तरी त्या माणसाच्या तोंडी जसा येतो तसाच म्हणून दाखवा. इंग्रजीत अडखळत सांगण्यापेक्षा ते शंभरपट बरे.

आता तो राहिलेला मुद्दा. मित्राची गोष्ट मी इथे का लिहिली नाही? कारण नुसत्या कल्पनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो. हे मी नाही, सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे. आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराचे 'हम हिंदुस्तानी' हे नाटक होते, प्रांताप्रांतातल्या दुजाभावावर. सिनेमावाल्यांनी त्यात रस दाखवला, ते दिल्लीला आले, आनंद यांनी अख्खे नाटक त्यांना वाचून दाखवले. (लाइव्ह पिच, दुसरे काय!) पुढे 1956 साली 'न्यू दिल्ली' हा पिक्चर आला आणि आनंद यांना वाटले की हे तर आपलेच नाटक. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1978 साली निकाल लागला आणि लेखक हरला. कोर्ट म्हणाले, विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे आणि कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही.

घाबरू नका, दुसरी बाजूही आहे. 2003 साली मुंबई हायकोर्टापुढे सनडायल विरुद्ध झी टेलिफिल्म्स असे एक प्रकरण आले. 'कृष कन्हैया' नावाच्या मालिकेची कल्पना सनडायलने तपशिलासह लिहून विश्वासाने सांगितली होती आणि पुढे तशाच मालिकेचा वाद झाला. तिथे कोर्टाने कल्पना सांगणाऱ्याच्या बाजूने मनाई हुकूम कायम ठेवला. कारण नुसती हवेतली कल्पना नव्हती, ती कागदावर नीट उभी केलेली होती आणि विश्वासाने दिलेली होती.

मी वकील नाही, पण यातून आपल्यासारख्या पोराने घ्यायचा धडा साधा आहे. तोंडी सांगण्याआधी लिहा. सारांश लिहा, पात्रे लिहा, जमले तर पूर्ण पटकथा लिहा. लिहिल्याबरोबर त्या लिखाणाचा कॉपीराइट तुमचा होतो, त्यासाठी कुठे अर्ज करणे सक्तीचे नाही. पण उद्या 'हे मी अमुक तारखेला लिहिले होते' हे दाखवायला पुरावा लागतो, म्हणून स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करून ठेवा, ती घरबसल्या होते. पिच झाल्यावर त्याच दिवशी समोरच्याला आभाराचा ईमेल टाका आणि त्यात काय सांगितले ते दोन ओळींत लिहा. आपण प्रोजेक्ट रिपोर्टला तारीख-सही घेतो ना, तसेच. आणि एसटीत शेजारी बसलेल्या 'मुंबईत ओळख आहे'वाल्या भाऊला अख्खी गोष्ट ऐकवू नका. गोष्टीचे पहिले अर्धे सांगा आणि पाचोरा आले की उतरा!

आता माझी एक मागणी, कॉलेजकडे आणि तुमच्याकडेही. आपल्या गॅदरिंगमध्ये फिश पॉन्ड होतात, साडी डे होतो, रेकॉर्ड डान्स होतात. त्यात एक दुपार 'गोष्टबाजार' का करू नये? प्रत्येकाला सात मिनिटे. भाषा कोणतीही: अहिराणी, लेवा, तावडी, पावरी, उर्दू, हिंदी, मराठी. समोर पाच जण बसवा. एक नाटकवाला, एक थिएटर चालवणारा, एक मराठीचे सर, एक बँकवाला आणि एक केळीचा व्यापारी. हसू नका. व्यापाऱ्याला पाच मिनिटांत माल ओळखायची सवय असते आणि तो तोंडावर खरे बोलतो. बक्षीस नको, नंबर नको, फक्त प्रश्न. आपली गोष्ट पाच अनोळखी माणसांना कुठे कळली आणि कुठे सुटली, हे एकदा समजले की मुंबईच्या टेबलासमोर पाय लटपटणार नाहीत. खर्च शून्य. माईक आपल्याकडे आहे, तो चालेल असे गृहीत धरू.

याने काय होईल? सगळेच काही दिग्दर्शक होणार नाहीत, व्हायचे कारणही नाही. पण सात मिनिटांत मुद्द्याचे सांगणे, अडचणीच्या प्रश्नाला खरे उत्तर देणे आणि गरज पडली तर 'नाही, हे बदलता येणार नाही, कारण...' असे शांतपणे म्हणणे, हे प्लेसमेंटलाही लागते आणि आयुष्यालाही. 'हो' म्हणायला आपल्याला बालवाडीपासून शिकवले आहे. 'नाही'ची प्रॅक्टिस कोणी घेत नाही.

आणि इथेच केळी आणि गोष्ट यांचा फरक येतो. शेतकरी कमी भावाला 'नाही' का म्हणू शकत नाही? कारण घड तयार झाला की थांबत नाही. आज कापला नाही तर चार दिवसांनी झाडावरच पिकेल, वादळ आले तर बाग आडवी होईल. माल नाशवंत आहे, हे व्यापाऱ्याला माहीत असते आणि भाव तिथे पडतो. आपण पोरे याच घरांतून आलोत. समोर खरेदीदार उभा राहिला की देऊन टाकायचे, नाहीतर सडेल, ही भीती आपल्या अंगात मुरलेली आहे. माझ्या मित्राच्या तोंडून निघालेला तो 'हो' मला तिथूनच आलेला वाटतो.

पण गोष्ट नाशवंत नाही. ती एक वर्ष पेटीत राहिली तरी सडत नाही. काही महिने थांबून 'लगान' वाया गेला नाही, उलट तयार झाला. बहिणाबाईची गाणी वहीत थांबली आणि आज सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. गोष्ट एकाच प्रकारे मरते: सांगणाऱ्याने ती सोडून दिली तर. तेव्हा बाजारात जरूर जा, नीट तयारी करून जा, भाव समजून घ्या, ऐका, शिका. भाव पटला नाही तर वही काखेत मारून परत या. गाडी रोज आहे.

मित्रा, हा अंक तुझ्या हातात पडेलच. ॲप्टिट्यूड सोडव, नोकरी मिळव, काकांना पहिला पगार दे. पण ती पेटी एवढी आत ढकलू नकोस. आणि पुढच्या वेळी कोणी उसाचे विचारले तर सांग, ऊस चालणार नाही. का, तेही सांग. मला सांगितलेस तसेच सांग, अर्ध्या मिनिटात सांगितले होतेस. माझ्या मते तुझे खरे पिच तेच आहे.

बाकीच्यांनी गोष्टबाजारासाठी नावे द्यायला सुरुवात करावी. बघा, पटतंय का!

— एक रावेरकर
तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी